बुखारी कधी पेटवायची: लष्करमधल्या दगडी घरासाठी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. ग्वाल्हेरला लष्कर भागात जुनं दगडी घर, दीड फुटी भिंती, वर पटियांची म्हणजे लांब दगडी फरश्यांची छत. घरात ७८ वर्षांचे वडील. गेल्या वर्षी बैठकीत पत्र्याची बुखारी, म्हणजे धुराची नळी असलेली बंद शेगडी, बसवली, तिची नळी छतातून बाहेर काढली. शिवाय आजीच्या काळची एक लोखंडी शेगडी आहे. घरचा रिवाज दिवाळीच्या पहिल्या संध्याकाळी कोळसा पेटवण्याचा. पण सुरुवातीचे पंधरा-वीस दिवस खोलीत धूर कोंडतो आणि वडिलांचं डोकं दुखतं. तेव्हा कोळसा नेमका कधीपासून सुरू करावा, असं तुम्ही विचारलंय.

तारखेचं नंतर बघू. आधी डोकेदुखीचं बोलतो, कारण प्रश्नात ती जाता जाता आली असली तरी सगळ्यात गंभीर गोष्ट तीच आहे. कोळसा पेटलेल्या खोलीत डोकं जड होणं, मळमळणं, चक्कर येणं, पायांतली ताकद गेल्यासारखं वाटणं, आणि मोकळ्या हवेत गेल्यावर हळूहळू उतरणं, ही कार्बन मोनॉक्साइडची लक्षणं आहेत. या वायूला रंग नाही, वास नाही, तो डोळ्यांत चुरचुरतही नाही. चुरचुरतो तो धूर. रक्तातल्या हिमोग्लोबिनला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेपट अधिक घट्ट चिकटतो आणि स्वच्छ हवेत गेल्यावरही निम्मा उतरायला चार-पाच तास घेतो. वडील दिवसभर त्याच खोलीत असतात, म्हणून त्रास पहिल्यांदा त्यांना होतो. बाकीचे ये-जा करतात, म्हणून बचावतात. पुन्हा असं झालं तर दारं उघडा, त्यांना चौकात आणा, १०८ ला फोन करा आणि डॉक्टरांना ‘खोलीत कोळसा पेटला होता’ हे आवर्जून सांगा. घरातल्या ऑक्सिमीटरवर मुळीच विसंबू नका. बोटाला लावायचं ते यंत्र कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्त आणि प्राणवायू असलेलं रक्त यांत फरक करू शकत नाही. माणूस गुंगीत असतानाही ते ९८ दाखवील.

म्हणजे तुम्ही तारीख विचारताय, पण अडचण तारखेपेक्षा धुराच्या वाटेची आहे. आणि या दोन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत: तुम्ही लवकर पेटवता, म्हणूनच धूर आत येतो. ते कसं, हे नीट सांगतो.

नळीतून धूर वर जातो तो बाहेरच्या हवेपेक्षा हलका असतो म्हणून. आतली हवा जितकी गरम आणि बाहेरची जितकी गार, तितकी ओढ जास्त. दिवाळीच्या सुमारास ग्वाल्हेरला संध्याकाळी सहा वाजता बाहेर २७-२८ अंश असतात. दगडी घरात आणि गार पडलेल्या बुखारीच्या नळीत मात्र २५-२६. म्हणजे नळीतली हवा बाहेरच्यापेक्षा जड असते आणि ती खाली उतरत असते. तुम्ही बुखारी पेटवता, धूर वर जाऊ पाहतो, वरून गार हवेचा खांब त्याला खाली ढकलतो. मग नळी तापेपर्यंत सगळा धूर दारातून आणि सांध्यांतून खोलीत.

पुढचा भाग याहून धोक्याचा. नळी एकदा तापली की धूर दिसेनासा होतो आणि सगळ्यांना हायसं वाटतं. पण खरी थंडी नसल्यामुळे अर्ध्या तासात खोली उकडायला लागते. मग काय करतो आपण? खालची हवेची झडप बंद करतो, आच मारतो. आच मारली की नळी गार होते आणि ओढ कमी होते. अंदाजासाठी आकडे देतो. नळी पाच मीटर उंच आणि आतला वायू सरासरी ५० अंशांवर असेल, तर बाहेर ७ अंश असताना साधारण ८ पास्कल (दाबाचं एकक) ओढ मिळते. बाहेर २५ असताना ती साडेचारवर येते. आठ पास्कलसुद्धा काही मोठा दाब नाही, स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा तो सहज मोडतो. साडेचारला तर वाऱ्याची एक झुळूक पुरते. त्यातच मंद, हवा न मिळणारा कोळसा कार्बन मोनॉक्साइड सर्वांत जास्त सोडतो. ओढ कमी आणि वायू जास्त, असा हा मेळ जमतो. डिसेंबरात तीच बुखारी, तीच नळी, तोच कोळसा बिनतक्रार चालतो तो यामुळे. तुमचे त्रासाचे पंधरा-वीस दिवस दिवाळीनंतरचेच असावेत, हा काही योगायोग नाही.

शिवाय दिवाळी ही थंडीची खूण म्हणून धरायला फार सरकती आहे. २०२३ साली लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होतं, २०२५ साली २०-२१ ऑक्टोबरला. तीन आठवड्यांचा फरक, आणि आपल्याकडे याच तीन आठवड्यांत रात्रीचा पारा झपाट्याने उतरतो. कोजागिरीचंही तसंच, अधिक महिना आला की सगळं पुढे सरकतं. सण जरूर करा, अभ्यंगस्नानाचं पाणी चौकात शेगडीवर तापवा. बुखारीचा मुहूर्त मात्र तिथीवर ठेवू नका.

मग कशावर ठेवायचा? खोलीतल्या थर्मामीटरवर. साधा डिजिटल घ्या, तीन-चारशे रुपयांत मिळतो. लावायचा आतल्या भिंतीवर, जमिनीपासून तीन-साडेतीन फुटांवर, म्हणजे खुर्चीत बसलेल्या माणसाच्या छातीच्या उंचीला. बाहेरच्या भिंतीवर लावलात तर दगडाचा गारवा मोजला जाईल, खिडकीजवळ लावलात तर झोताचा. ऑक्टोबर संपला की रोज दोनदा वाचा: सकाळी सहाला आणि रात्री नऊला. कॅलेंडरच्या चौकोनात लिहून ठेवलंत तर उत्तम, पुढच्या वर्षी तेच कामाला येतं.

माझा ठोकताळा असा. घरात धडधाकट माणसंच असतील तर सकाळचा आकडा सलग तीन दिवस १६ च्या खाली गेला की सुरू करावं. घरात म्हातारं माणूस, तान्हं मूल किंवा दम्याचा, हृदयाचा रुग्ण असेल तर १६ च्या जागी १८ धरावेत. जागतिक आरोग्य संघटनेनेही थंडीत घरातलं तापमान निदान १८ असावं असं म्हटलंय, आणि वृद्धांसाठी त्याहून थोडं जास्तच बरं. ‘बाबा, थंडी वाजते का?’ हे विचारून ठरवू नका. वय झालं की थंडी कळणं मंदावतं, आणि ती पिढी तक्रारही करत नाही. हातपाय गार आणि तोंडाने ‘छान आहे’, हे फार घरांत दिसतं. सलग तीन दिवस यासाठी की एका पावसाळी, ढगाळ दिवसाने आकडा पडतो आणि दुसऱ्या दिवशी उन्हाने वर येतो.

याला दुसरी अट जोडा: पेटवायच्या वेळी बाहेरचं तापमान १५ च्या खाली असावं. मोबाइलवर दिसतं. ही अट ओढीसाठी आहे, उबेसाठी नाही. दोन्ही अटी पुऱ्या झाल्या तरच काडी लावायची. तुमच्यासारख्या घरात हे बहुधा डिसेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात जुळून येतं, एखाद्या वर्षी नोव्हेंबरच्या शेवटी. नव्या कॉलनीतला, ठाठीपूर किंवा सिटी सेंटरकडचा वरच्या मजल्यावरचा फ्लॅट याच्या आधी गारठतो, पण दुपारच्या उन्हात परत तापतो. शेजारच्या फ्लॅटमध्ये हीटर लागला म्हणून आपल्याकडे बुखारी पेटवायची, असं होत नाही.

फरक आहे तो दगडाचा. १२ फूट लांब, १२ रुंद, १२ उंच अशी खोली आणि दीड फुटी भिंत धरली, तर चार भिंती मिळून पन्नास टनांच्या वर दगड होतो. एवढा दगड एक अंशाने तापवायला दीड किलोहून जास्त लाकडी कोळशाची सगळीच्या सगळी उष्णता लागेल, जराही वाया न जाता. ऑक्टोबर-नोव्हेंबरात दिवसाच्या उन्हात तापलेला हा दगड आपली ऊब हळूहळू सोडत राहतो, म्हणून रात्री बाहेर गारठा असताना आत शिरल्यावर बरं वाटतं. उलट कडाक्याच्या थंडीत तो एकदा गार झाला की बाहेर छान ऊन पडल्यावरही काही दिवस आत गारवा टिकतो. दगडी घराची थंडी उशिरा येते आणि उशिरा जाते. म्हणून तुमचा मोसम साधारण डिसेंबर ते फेब्रुवारीचा मध्य असा धरा.

यातून आणखी एक गोष्ट निघते. संध्याकाळच्या चार तासांच्या विस्तवाने या भिंती तापणार नाहीत, तो नाद सोडा. तापवायचं ते माणूस आणि त्याच्याभोवतीची जागा. घरातली सगळ्यात लहान, आतल्या बाजूची, कमी उंचीची खोली निवडा. बैठकीची छत उंच असेल तर बुखारीची सगळी गरम हवा वर पटियांना जाऊन चिकटते आणि खाली खुर्चीत पाय गार. गरम हवा खाली ढकलायला छताचा पंखा अगदी हळू फिरवता येतो, पण त्याचा झोत बुखारीच्या दारावर येता कामा नये. गार भिंतीला टेकून पलंग लावू नका. भिंत आणि पलंग यांत वीतभर अंतर, भिंतीवर जाड सतरंजी किंवा गोधडी टांगलेली, खाली चटई. एवढ्यानेच खोली दोन अंश उबदार असल्यासारखी वाटते, कारण अंगातली ऊब गार दगडाकडे ओढली जात नाही.

आणि कोळशाआधी ऊन. नोव्हेंबरात सकाळी अकरा ते दुपारी साडेतीन-चारपर्यंत दक्षिणेकडची दारं-खिडक्या सताड उघडी ठेवा. बाहेर २५-२६ असतात, आत त्याहून कमी. मग सूर्य कलायच्या आधी, साडेचारलाच सगळं बंद. दिवेलागणीला बंद करण्यात अर्थ नाही, तोवर ऊब गेलेली असते. हे नेमाने केलंत तर कोळसा आठ-दहा दिवस पुढे जातो. धुक्याचे दिवस याला अपवाद. जानेवारीत पश्चिमी विक्षोभ (पश्चिमेकडून येणारं ढग-पावसाचं हवामान) येऊन गेला की दोन-तीन दिवस सूर्यच दिसत नाही, दिवसाचा पारा १५ च्या वर जात नाही. अशा दिवशी रात्रीचा आकडा ७-८ असला तरी तो निरभ्र रात्रीच्या ४ अंशांपेक्षा घराला जास्त गारठवतो, कारण दगडाला दिवसभरात काहीच परत मिळालेलं नसतं. धुक्यात खिडक्या उघडू नका आणि बुखारी दुपारपासूनच लावा.

आता शेगडीबद्दल स्पष्टच सांगतो: शेगडी खोलीत आणू नये. खिडकी उघडी ठेवूनही नाही. कारण हिशोबच जमत नाही. साध्या शेगडीत एक किलो लाकडी कोळसा जळताना सुमारे दोनशे ग्रॅम कार्बन मोनॉक्साइड निघतो. वर सांगितली तेवढी खोली सुमारे ४९ घनमीटरची. बंद खोलीत नुसता शंभर ग्रॅम कोळसा जळला तरी दर घनमीटरला चारशे मिलिग्रॅम वायू होतो. एका तासासाठी मर्यादा आहे ३५ मिलिग्रॅमची. ताशी चारशे ग्रॅम कोळसा जाळायचा आणि त्या मर्यादेत राहायचं, तर खोलीतली सगळी हवा तासाला चाळीसहून अधिक वेळा बदलली पाहिजे. इतकी हवा खेळत असेल त्या खोलीत ऊब कसली टिकणार? शेगडीची जागा चौकात, फार तर तिन्ही बाजूंनी मोकळ्या ओसरीवर. तिथे बसून शेकायला, पाणी तापवायला, शेंगा भाजायला तिच्यासारखी गोष्ट नाही.

शेगडीविषयीच्या चार समजुती सर्रास ऐकू येतात. पहिली: ‘निखारे लाल झाले, धूर संपला, आता आत नेली तरी चालेल.’ धूर संपतो, वायू संपत नाही. निखाऱ्यांवर नाचणारी ती निळी ज्योत म्हणजे कार्बन मोनॉक्साइडच जळत असतो. ज्योत विझून वर राख बसली की तोच वायू न जळता बाहेर पडतो. दुसरी: ‘खोलीत पाण्याची बादली ठेवली की गॅस शोषला जातो.’ हा वायू पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. बादलीने हवेतला कोरडेपणा कमी होतो, बाकी काही नाही. तिसरी: ‘राखेत निखारे दाबून ठेवले की सकाळपर्यंत ऊब राहते.’ ऊब राहते आणि रात्रभर वायूही येत राहतो. उत्तर भारतात दर हिवाळ्यात बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली कुटुंबं दगावल्याच्या बातम्या येतात, त्या बहुतेक अशाच रात्रींच्या असतात. चौथी समजूत जुन्या घरांबद्दलची: ‘आमचे आजी-आजोबा तर खोलीतच ठेवायचे.’ तेव्हा दारांना फटी होत्या, रोशनदानांना (भिंतीतल्या वरच्या झरोक्यांना) काचा नव्हत्या, कौलांतून वारा यायचा. आता त्याच खोलीला ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या आणि दाराखाली रबराची पट्टी असते.

बुखारीची तयारी दसऱ्यापर्यंत उरकून घ्या. पेटवायची नसली तरी. नळीचे तुकडे उतरवून प्रत्येक तुकडा उजेडाकडे धरून आरपार बघा. पावसाळ्यात पत्र्याला गंज चढतो आणि सुईच्या टोकाएवढी छिद्रं पडतात, ती अशीच दिसतात. टोपीखाली कबुतराने काड्या आणलेल्या असतात, त्या काढा. काजळी तारेच्या ब्रशने झाडा. परत जोडताना वरच्या तुकड्याचं तोंड खालच्या तुकड्याच्या आत गेलं पाहिजे, म्हणजे काजळीचं काळं पाणी बाहेर न गळता आतल्या आतच खाली येतं. सांधे फायर सिमेंटने लिंपा, नुसत्या मातीला पहिल्या तापात भेगा पडतात. आडवी नळी एक मीटरहून लांब नको आणि ती बुखारीपासून वरच चढत गेली पाहिजे. छताच्या वर नळी निदान एक मीटर, आणि जवळ उंच कठडा किंवा शेजारची भिंत असेल तर तिच्याही वर. लष्करच्या गल्ल्यांत घरं एकमेकांना चिकटलेली असतात. शेजाऱ्यांनी मधल्या काळात वर मजला चढवला असेल, तर काल चालणारी नळी आज उलटा वारा खाते. हे बघायला छतावरच जावं लागतं. जिथे नळी लाकडी तुळईजवळून जाते तिथे दीड फूट अंतर हवं.

तुमची बुखारी मुळात लाकडासाठी बनवलेली आहे की कोळशासाठी, हेही बघा. लाकूड वरून मिळणाऱ्या हवेवर जळतं, कोळशाला खालून हवा लागते. तळाला जाळी नसेल, किंवा जाळी राखेने बुजलेली असेल, तर कोळसा नुसता धुमसतो. जाळीच्या दोन सळ्यांत बोटाच्या जाडीइतकी फट पुरे. दगडी कोळसा जाळणार असाल तर थर निदान चार-पाच इंच जाड हवा, पातळ थर पेट धरत नाही. आपल्याकडच्या दगडी कोळशात राख भरपूर, त्यामुळे जाळी दिवसातून दोनदा हलवावी लागते. मी मात्र तुम्हाला लाकडी कोळसाच सुचवीन: राख कमी, गंधकाचा धूर नाही, पेटतो लवकर. टालवर (लाकूड-कोळशाच्या वखारीत) घेताना दोन तुकडे एकमेकांवर वाजवून बघा. चांगला कोळसा काचेसारखा खणखणतो आणि मोडल्यावर आत चकाकतो. तपकिरी दिसला, मोडताना धागे निघाले तर तो कच्चा, अर्धवट जळलेला. तो धूर करणार. हाताला जड लागला तर ओला. पाण्याच्या वजनाचे पैसे कशाला द्यायचे? पोती फळीवर ठेवा, थेट फरशीवर नको.

किती लागेल? चांगल्या कोळशात किलोमागे साधारण आठ युनिट विजेइतकी उष्णता असते. पत्र्याची बुखारी त्यातली निम्मी खोलीला देते, उरलेली नळीतून जाते. पाच तासांच्या संध्याकाळला दीड ते दोन किलो धरा. मोसमाच्या साठ-सत्तर दिवसांना सव्वाशे किलोच्या आसपास. आता हाच हिशोब उलटा करून बघा. किलोभर कोळशातून खोलीला मिळतात चार युनिट. म्हणजे कोळशाचा किलोचा भाव तुमच्या विजेच्या युनिटदराच्या चौपटीहून जास्त असेल, तर हीटर स्वस्त पडतो. युनिट सात रुपयांना पडत असेल तर ही सीमा २८ रुपये किलोची. टालवर भाव विचारा आणि मग ठरवा. शहरात आज बऱ्याच घरांना कोळसा सवयीचा आहे, स्वस्त नाही. वडिलांच्या झोपायच्या खोलीत तर मी तेल भरलेला हीटरच ठेवीन. दोन हजार वॉटचा हीटर नऊ अँपिअर घेतो, त्याला १६ अँपिअरचा पॉवर पॉइंट हवा. जुन्या घरातल्या साध्या प्लगवर किंवा एक्स्टेन्शनवर तो लावू नका. वायरिंग तीस वर्षांचं असेल तर आधी इलेक्ट्रिशियनला दाखवा.

पेटवायच्या दिवशी क्रम असा ठेवा. आधी स्वयंपाकघर आणि न्हाणीघरातले एक्झॉस्ट पंखे बंद. ते चालू असले की घरातली हवा बाहेर खेचतात आणि भरपाईची हवा बुखारीच्या नळीतून आत येते, धुरासकट. मग बुखारीचं दार उघडून आत नळीच्या तोंडाशी पेटती उदबत्ती धरा. धुराची रेघ आत वळून वर गेली तर पुढे जा. रेघ तुमच्याकडे वाकली तर ओढ उलटी आहे. अशा वेळी वर्तमानपत्राच्या एका पानाचा बोळा नळीच्या तोंडाशी जाळा, मिनिटभरात नळी तापून ओढ वळते. परत उदबत्ती. दोन-तीन कागद जाळूनही रेघ वळली नाही, तर त्या दिवशी पेटवू नका, रजया काढा. ही उदबत्तीची परीक्षा मोसमातल्या पहिल्याच दिवशी नव्हे, रोज करायची. अर्धं मिनिट लागतं.

रेघ वर गेली की खाली कागद, त्यावर बारीक काटक्या, त्यावर मूठ-दोन मुठी बारीक कोळसा. तो लाल झाला की मोठे तुकडे, पण एकदम भर घालू नका. लाल निखाऱ्यांचा एक भाग उघडा दिसत राहिला पाहिजे, म्हणजे नव्या कोळशातून निघणारा वायू तिथल्या ज्योतीत जळून जातो. वरून पूर्ण झाकलंत तर तो न जळता साठतो, आणि दार उघडताच भपकन पेट घेतो. हवेची खालची झडप पहिला अर्धा तास पूर्ण उघडी, नंतर निम्मी. पूर्ण बंद कधीच नाही. उकडायला लागलं तर पुढचा कोळसा घालू नका, पण जळत्या विस्तवाचा गळा दाबू नका.

हवा आत यायची वाट खालून ठेवा: दाराखाली बोटभर फट, किंवा खिडकीचा खालचा भाग इंच-दीड इंच उघडा. रोशनदान उघडलं की सुरक्षित, असं बऱ्याच जणांना वाटतं. बुखारीच्या बाबतीत ते उलटं पडतं. वरचं रोशनदान स्वतःच धुराड्यासारखं गरम हवा ओढतं आणि नळीशी स्पर्धा करतं. धूर किंवा वास आलाच तर मात्र हा विचार न करता सगळं उघडा आणि बाहेर पडा.

झोपायच्या दोन तास आधी कोळसा घालणं थांबवा. दहाला झोपत असाल तर आठला शेवटची भर. झोपेपर्यंत आच बसलेली असावी, पण नळीची झडप उघडीच ठेवायची. विझत आलेला कोळसाच शेवटपर्यंत वायू सोडत असतो. आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घ्या, त्यावाचून बुखारी पेटवू नका. धुराचा अलार्म किंवा स्वयंपाकाच्या गॅसचा डिटेक्टर हे काम करत नाही, खोक्यावर ‘कार्बन मोनॉक्साइड’ असंच लिहिलेलं हवं. युरोपीय मानक ईएन ५०२९१ पाळणारा अलार्म ५० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ५० भाग वायू) तास-दीड तासात आणि ३०० पीपीएमला तीन मिनिटांत वाजतो. बुखारीपासून एक ते तीन मीटरवर, वडिलांच्या उशीच्या उंचीला लावा. त्याच्या सेन्सरलाही आयुष्य असतं, मागची तारीख बघा, संपली की बदला.

राख पत्र्याच्या, झाकण असलेल्या डब्यात काढायची आणि डबा चौकात दोन दिवस तसाच ठेवायचा. राखेच्या पोटात निखारा दुसऱ्या दिवशीही जिवंत असतो, म्हणून प्लास्टिकची बादली किंवा कचऱ्याची पिशवी नको. लाकडी कोळशाची राख झाडांना थोडी चालते, दगडी कोळशाची घालू नका.

तुमच्या घरापुरतं आत्ता एवढं करा: या आठवड्यात थर्मामीटर आणि अलार्म, आणि नळी उतरवून तपासणी. नळीची एकूण उंची, तिचा व्यास, वळणं किती, आणि शेजारची भिंत तिच्यापेक्षा किती उंच, एवढं मोजून कळवा. वळणं दोनहून जास्त असतील किंवा व्यास चार इंचांहून कमी असेल, तर डिसेंबरातही ओढ अपुरी पडेल, आणि त्यावरचा उपाय तारखेत नाही, नळीत करावा लागेल.